भरलेली विहीर : गोव्यातील एका घरखरेदीतील कपटाचा प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरणात एकही कागद खोटा नव्हता. २०२२ साली गोवा सरकारने जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांच्या एकसदस्यीय आयोगाकडे चौकशी सोपवली, तेव्हापासून गोव्यात ‘फ्रॉड’ म्हटले की बनावट विक्रीखते, पोर्तुगीजकालीन दस्तऐवजांत घुसवलेली नावे आणि परदेशी गेलेल्या वारसांच्या नावाने केलेली खोटी मुखत्यारपत्रे डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र मालक खरा होता, सह्या खऱ्या होत्या, जमिनीच्या हक्कनोंदीचा एक-चौदाचा उतारा खरा होता. खोटे होते ते विहिरीतले पाणी, आणि तेही पाणी म्हणून खरेच होते. कायद्याला कपट म्हणून नेमके काय अभिप्रेत आहे, आणि त्या शब्दाच्या मुळाशी असलेला अर्थ आजच्या दिवाणी दाव्यात कोठवर उपयोगी पडतो, हे पाहण्यासाठी हे प्रकरण मला इतर मोठ्या प्रकरणांपेक्षा अधिक सोयीचे वाटते. मी खरेदीदारांच्या बाजूचा वकील होतो, ही गोष्ट वाचकाने पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावी. पक्षकारांची ओळख पटेल असा तपशील गाळला अथवा बदलला आहे.

घटनाक्रम

खरेदीदार हे फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि त्यांच्या पत्नी. गुरुजींचे बालपण कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गेले होते, परंतु वडिलोपार्जित कुळागर वाटण्यांत भावांकडे गेले, आणि निवृत्तीनंतर आपल्या हाताने थोडी सुपारी, चार केळी आणि झाडावर चढवलेली मिरवेल एवढे तरी असावे, ही इच्छा मनात राहून गेली. दलालामार्फत त्यांना बार्देश तालुक्यातील एक जुने घर दाखवण्यात आले. जांभ्याच्या पठाराच्या उतारावर कौलारू घर, भोवती सुमारे बाराशे चौरस मीटरचे भाट, म्हणजे बागायती जमीन, मागच्या बाजूला एक लहान बैठे घर, आणि अंगणाच्या टोकाला अडीच मीटर व्यासाची, नऊ मीटर खोल, चिरेबंदी विहीर.

पाहणी झाली ती मे २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे जांभ्याच्या प्रदेशातील विहिरींची खरी परीक्षा असते त्याच दिवसांत. गुरुजींनी त्याआधी दलालाला व्हॉट्सअॅपवर विचारले होते, ‘उन्हाळ्यात पाणी असते ना? सुपारी लावायची आहे.’ दलालाचे उत्तर दोनच शब्दांचे होते : ‘फुल्ल पाणी.’ प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी विक्रेता स्वतः विहिरीच्या काठावर उभा राहून म्हणाला, ‘मास्तर, ही बांय मे म्हयन्यांत लेगीत सुकना.’ म्हणजे ही विहीर मे महिन्यातसुद्धा आटत नाही. विहिरीत त्या दिवशी सुमारे पाच मीटर पाणी होते. गुरुजींच्या पत्नीने कळशी सोडून पाणी काढले, तोंडावर मारले, आणि हौसेने विहिरीचा एक फोटोही घेतला. तो फोटो पुढे या प्रकरणातील सर्वांत बोलका साक्षीदार ठरला.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट घडली. मागच्या बैठ्या घरापुढे तुळस होती, दोरीवर कपडे वाळत होते. ते पाहून गुरुजींच्या पत्नी विक्रेत्याला म्हणाल्या, ‘तो तुमचा गडी असेल, विक्री झाल्यावर जाईलच.’ विक्रेता यावर काही बोलला नाही, नुसता हसला.

आठ दिवसांत बयाणा देऊन करार झाला, जूनच्या आरंभी म्हापसा येथील उपनिबंधकांसमोर विक्रीखत नोंदले गेले, आणि पाठोपाठ पाऊस लागला. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे कोणतीही विहीर जुलैत तुडुंब दिसते, आणि दिवाळीपर्यंत तरी तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाणी झपाट्याने उतरू लागले, आणि मार्चच्या मध्यावर तळाचा चिखल दिसू लागला. लावलेली सुपारीची रोपे वाचवण्यासाठी गुरुजींनी टँकर मागवला. टँकरवाला फाटकातून आत येताना सहज म्हणाला की गेल्या मे महिन्यात एका रात्रीत तीन फेऱ्या त्यानेच येथे ओतल्या होत्या.

शब्दाचे मूळ

‘फ्रॉड’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. मूळ लॅटिन नाम ‘फ्राउस’, त्याची षष्ठी ‘फ्राउदिस’. गोव्याला मात्र हा शब्द इंग्रजीची वाट न पाहता पोर्तुगीजमधून ‘फ्राउद’ या रूपात आधीच भेटलेला होता. या लॅटिन शब्दाचा जुना अर्थ फसवणूक असा नव्हता, तो होता इजा, नुकसान, बाध. इसवी सनापूर्वी ४५१-४५० च्या सुमाराच्या रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात ऋणकोच्या शरीराविषयीचे ते भीषण कलम आहे, ज्यात अनेक धनकोंनी आपल्या वाट्यापेक्षा कमी किंवा जास्त कापले तरी ‘से फ्राउदे एस्तो’, म्हणजे त्याचा बाध त्यांना लागू नये, असे म्हटले आहे. तेथे फसवणुकीचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे तो दोष आणि नुकसान यांचा. पुढे या शब्दात लबाडीने केलेल्या नुकसानीचा अर्थ मुरला, आणि शेवटी लबाडी हाच अर्थ वर राहिला.

रोमन वकील ज्याला आपण आज कपट म्हणतो त्यासाठी अधिक वेळा दुसरा शब्द वापरत : ‘दोलुस’, आणि दुष्ट हेतूचा असेल तर ‘दोलुस मालुस’. त्याचाच ग्रीक भाऊबंद ‘दोलोस’ हा होमरच्या काव्यात माशांना टाकलेल्या आमिषासाठी येतो. मराठी वाचकाला यात नवे काही वाटू नये, कारण आपणही फसलेल्या माणसाविषयी ‘गळाला लागला’ असेच म्हणतो, आणि फसवणाऱ्याने ‘आमिष दाखवले’ असे म्हणतो. कोकणीत ‘फट’ म्हणजे खोटे आणि ‘फटोवप’ म्हणजे फसवणे, तेथे भर खोटेपणावर आहे. मराठी विधिपरिभाषेने फ्रॉडसाठी ‘कपट’ हा शब्द घेतला, तेथे भर मनातल्या हेतूवर आहे. लॅटिन ‘फ्राउस’ने मात्र सुरुवातीला नुकसानीवर बोट ठेवले होते. खोटे, हेतू आणि नुकसान ही तीन अंगे आज एकाच शब्दात नांदतात, आणि न्यायालयात दावा हरतो तो बहुधा यांपैकी एखादे अंग सिद्ध करायचे राहून गेल्यामुळे.

मासळीचा उल्लेख आला आहे, तर रोमन वक्ता व विचारवंत किकेरोने (सिसेरोने) कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात दिलेली हकिकत येथे सांगणे भाग आहे, कारण आमच्या प्रकरणाशी तिचे साम्य अंगावर येण्याइतके आहे. कानियुस नावाचा रोमन सरदार सिराक्यूजला गेला असता त्याला तेथे एखादी बाग विकत घ्यावीशी वाटली. पिथियुस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावले आणि आदल्या दिवशी कोळ्यांना बोलावून सांगितले की उद्या माझ्या बागेपुढेच मासे धरा. कानियुस आला तेव्हा समोर होड्यांची गर्दी होती आणि कोळी पिथियुसच्या पायाशी मासे आणून टाकत होते. सिराक्यूजची सारी मासळी आणि सारे पाणी येथलेच, असे यजमानाने सांगितले. कानियुसने सांगितलेल्या किमतीला बाग सामानासकट घेतली. दुसऱ्या दिवशी एकही होडी दिसेना, तेव्हा त्याने शेजाऱ्याला विचारले की आज कोळ्यांचा सण आहे काय. शेजारी म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे नाही, पण येथे कोणी मासे धरतच नाहीत, म्हणून कालचा प्रकार पाहून मीच चकित झालो होतो. कानियुस संतापला, पण करणार काय, असे किकेरो म्हणतो, कारण किकेरोचा स्नेही आणि प्रेटर या न्यायाधिकाऱ्याच्या पदावरील सहकारी गायुस आक्विलियुस याने ‘दोलुस मालुस’विषयीचे दाव्याचे सूत्र तोवर प्रसृत केलेले नव्हते. ते इसवी सनापूर्वी ६६ मध्ये आले. या आक्विलियुसला ‘दोलुस मालुस’ म्हणजे काय असे विचारले असता तो म्हणे, एक भासवायचे आणि दुसरेच करायचे.

व्याख्या सुटसुटीत आहे, पण नंतरच्या लाबेओ या विधिज्ञाला ती पुरेशी वाटली नाही. सोंग न करताही माणसाला फसवता येते, आणि आपले किंवा दुसऱ्याचे रक्षण करण्यासाठी सोंग करणाऱ्याच्या ठायी दुष्ट हेतू नसतो, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून त्याने दुसऱ्याला गाठण्यासाठी, चकवण्यासाठी, फसवण्यासाठी योजलेली प्रत्येक चलाखी, लबाडी आणि क्लृप्ती असा विस्तार केला. दोन हजार वर्षांनंतर भारतीय न्यायालये जवळजवळ याच वळणाने गेली आहेत.

लागू कायदा

गोव्याविषयी बाहेर असा समज आढळतो की येथील सारे दिवाणी व्यवहार अजून पोर्तुगीज संहितेनुसार चालतात. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तिचा विवाहसंपत्ती व वारसा यांविषयीचा भाग टिकला, हे खरे. वारसाविषयक तरतुदींची जागा आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्याने घेतली आहे. कराराच्या बाबतीत मात्र १८७२ चा भारतीय करार कायदा लागू होतो, आणि स्थावर विक्रीला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा.

करार कायद्याच्या कलम १७ मध्ये कपटाची पाच रूपे दिली आहेत : जे खरे नाही आणि खरे आहे असा स्वतःचाही विश्वास नाही ते खरे म्हणून सांगणे, माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणे, पाळण्याचा हेतू नसताना वचन देणे, फसवण्यास योग्य असे कोणतेही अन्य कृत्य करणे, आणि कायद्याने खास करून कपट ठरवलेली कृती किंवा अकृती. हे सारे पक्षाने स्वतः, त्याच्या संमतीने दुसऱ्याने, किंवा त्याच्या अभिकर्त्याने (एजंटाने) केलेले असावे, आणि समोरच्याला फसवण्याच्या अथवा करारास प्रवृत्त करण्याच्या हेतूने केलेले असावे. कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, आणि माझ्या मते कलमाइतकेच महत्त्व त्याला आहे. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, मात्र परिस्थितीमुळे बोलणे हे कर्तव्य ठरत असेल किंवा मौन हेच बोलण्यासमान असेल, तर ते कपट होते. घोड्याच्या विक्रीचे एक उदाहरण तेथे दिले आहे : घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निकोप आहे असे मी धरून चालतो, आणि विकणारा गप्प राहतो. तेथे गप्प राहणे हेच बोलणे.

इतका कायदा हाताशी असला की विहिरीचा प्रश्न सोपा वाटतो. रात्रीतून तीन टँकर ओतून दुसऱ्या दिवशी ‘सुकना’ म्हणणे हे सक्रिय लपवणेही आहे आणि फसवण्यास योग्य असे कृत्यही आहे. पण दाव्यात कपटाचा नुसता आरोप चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशातील चौथ्या नियमानुसार कपटाचा तपशील, तारखांसह, वादपत्रातच द्यावा लागतो, आणि सिद्धतेचा भार आरोप करणाऱ्यावर राहतो. आम्ही तपशील असा मांडला. टँकरवाल्याच्या वहीत पाहणीच्या आदल्या रात्री दहा हजार लिटरच्या तीन फेऱ्यांची नोंद होती, आणि पुढे विक्रेत्याच्या पुतण्याचा फोन नंबर. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत दहा हजार लिटरने सुमारे दोन मीटर पाणी चढते. तीन फेऱ्यांचे सहा मीटर होतात, आणि सच्छिद्र जांभ्यातून रात्रीत झिरपून गेलेले वजा केले तर पाहणीच्या दिवशी दिसलेल्या पाच मीटरांचा हिशेब जुळतो.

राहता राहिला तो फोटो. विहीर नैसर्गिकपणे हळूहळू उतरते तेव्हा भिंतीवर शेवाळाचे पट्टे दिसतात, आणि पाण्याच्या वरच्या चिऱ्यांच्या फटींत नेचे उगवतात. फोटोत मात्र नेच्याची ताजी हिरवी पाने स्वच्छ पाण्याखाली दिसत होती. असा नेचा पाण्याखाली उगवत नाही. ती फट आठवडेच्या आठवडे कोरडी होती आणि पाणी तिच्यावर नुकतेच चढले होते, एवढे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. ही गोष्ट माझ्या नव्हे, गुरुजींच्या लक्षात आली, कारण त्यांनी तीस वर्षे मुलांना परिसर अभ्यास शिकवला होता.

विक्रेत्याचे बचाव

विक्रेत्याने चार मुद्दे मांडले. पहिला, टँकर घराची रंगरंगोटी आणि धुलाई यांसाठी मागवला होता. परंतु धुलाईसाठी मागवलेले तीस हजार लिटर पाणी रात्री विहिरीत का ओतावे, याचे उत्तर उलटतपासणीपर्यंत थांबण्याच्या लायकीचे नव्हते. दुसरा, विक्रीखतात ‘खरेदीदारांनी मालमत्ता स्वतः पाहून खात्री करून घेतली आहे’ असे वाक्य होते. असे वाक्य जवळजवळ प्रत्येक विक्रीखतात असते, आणि ज्या पाहणीलाच बनावट रूप दिले गेले त्या पाहणीचा आधार ते रूप देणाऱ्यालाच घेता येत नाही. तिसरा, खरेदीदार नऊ महिने राहिले, त्यांनी दुरुस्त्या केल्या, म्हणजे त्यांनी करार मान्य केला. पण मान्यता ही माहितीनंतरच होऊ शकते. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १७ नुसार कपटाच्या प्रकरणात मुदत सुरू होते तीही कपट उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने ते कळू शकले असते तेव्हापासून. येथे पावसाने जे झाकले ते मार्चपर्यंत कोणाला दिसणार नव्हते.

चौथा मुद्दा मात्र गंभीर होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना एका शब्दाने विचारले असते तरी सत्य कळले असते, मग खरेदीदारांनी साधी दक्षता का घेतली नाही? कानियुसनेही शेजाऱ्याला विचारले ते सौदा झाल्यावर. या मुद्द्याचे उत्तर करार कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे, पण ते काळजीपूर्वक वाचावे लागते. कपटाने मिळवलेल्या संमतीचा करार फसलेल्या पक्षाच्या इच्छेनुसार रद्द करण्याजोगा असतो, हा मूळ नियम. त्याला अपवाद असा की, संमती चुकीच्या कथनामुळे किंवा कपटी मौनामुळे मिळाली असेल आणि फसलेल्याला साध्या दक्षतेने सत्य शोधता आले असते, तर करार रद्द करता येत नाही. हा अपवाद सक्रिय कपटाला लागू नाही. ज्याने मुद्दाम आमिष टाकले त्याला ‘मासा सावध का नव्हता’ असे विचारण्याची मुभा कायदा देत नाही.

कलम १९ च्या स्पष्टीकरणानुसार ज्या कपटामुळे संमती मिळाली नाही ते करार मोडू शकत नाही, म्हणून खरेदीदारांनी पाण्यासाठीच घर घेतले हे दाखवणे भाग होते. तेथे व्हॉट्सअॅपवरचा ‘सुपारी लावायची आहे’ हा संदेश उपयोगी पडला. तो नसता तर प्रकरण बरेच लंगडे झाले असते, हे कबूल केले पाहिजे. ‘असे गार वारे बार्देशात कुठे नाही’ असेही विक्रेता म्हणाला होता, पण ते मी वादपत्रात घेतले नाही. आपल्या वस्तूची वाहवा करणे हा व्यापाराचा भाग आहे, आणि रोमन लोकही ‘दोलुस’ चांगला असू शकतो असे म्हणत, जरी त्यांच्या मनात शत्रू आणि चोर यांच्याविरुद्धची युक्ती होती.

मागच्या घरातील कुटुंब

बैठ्या घरातील कुटुंब गडी नव्हते, ते पिढ्यान्‌पिढ्याचे मुंडकार होते. गोव्याच्या १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने कायमचे घर करून राहणाऱ्यांना बेदखलीपासून संरक्षण आणि आपले राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला आहे. जमीन विकली गेल्याने तो हक्क संपत नाही.

गुरुजींच्या पत्नीचे वाक्य आणि विक्रेत्याचे हसणे हे घोड्याच्या उदाहरणाशी अगदी मिळतेजुळते आहे, आणि कलम १७ पुरते ते मौन कपटच ठरावे असे मला वाटते. तरीही या मुद्द्यावर करार रद्द होणे अवघड होते. हे कपट मौनाचे आहे, म्हणून कलम १९ चा अपवाद त्याला लागू होतो, आणि ज्या घरासमोर तुळस आहे त्या घरात कोण राहते हे त्या घराच्या दारात जाऊन विचारता आले असते, मामलेदार कचेरीत मुंडकारांची नोंद पाहता आली असती. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर दोष उघड करण्याचे कर्तव्य टाकते आणि ते न पाळणे कपट मानते, पण तेही खरेदीदाराला साध्या काळजीने कळू न शकणाऱ्या दोषापुरतेच. एकाच माणसाने एकाच दुपारी दोन गोष्टी लपवल्या, आणि बोलून लपवलेली कायद्याच्या कचाट्यात आली, हसून लपवलेली निसटली.

जुन्या पोर्तुगीज संहितेत याचे चित्र थोडे वेगळे दिसते. तिने ‘दोलो’ म्हणजे समोरच्याला चुकीत पाडण्यासाठी किंवा चुकीत ठेवण्यासाठी योजलेली युक्ती असे म्हटले होते, आणि त्याच्या शेजारी ‘मा फे’, म्हणजे समोरच्याची चूक कळल्यावरही ती लपवून ठेवणे, हा स्वतंत्र दोष सांगितला होता. विक्रेत्याच्या हसण्याचे याहून नेमके वर्णन मला सापडत नाही. पण तो कायदा या करारावर चालत नव्हता, म्हणून आम्ही मुंडकाराचा मुद्दा कपट म्हणून नव्हे तर किमतीच्या संदर्भात मांडला.

जुन्या संहितेचा संबंध एका वेगळ्या बाजूने आला. गोव्यातील सर्वसाधारण वैवाहिक संपत्ती पतिपत्नींची सामाईक असते, त्यामुळे विक्रीखतावर विक्रेत्याच्या पत्नीचीही सही होती. तिने विहिरीविषयी काहीही सांगितले नव्हते, आणि टँकर आला त्या रात्री ती माहेरी होती. करार मोडायचा तर दोघांच्याही विरुद्ध मोडणे भाग होते, कारण विक्री एकच होती. पण कपटाचा आरोप तिच्यावर करणे मला योग्य वाटले नाही, आणि वादपत्रात तसे स्पष्ट लिहिले. माझ्या एका सहकाऱ्याला हा भाबडेपणा वाटला.

पोलीस, आणि नुकसानीचा प्रश्न

गुरुजी आधी पोलीस ठाण्यात गेले होते, आणि तेथे त्यांना ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगण्यात आले. हे उत्तर नेहमीचे असले तरी या प्रकरणात बरोबर नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात करारभंग आणि ठकवणूक यांतला फरक प्रवृत्त करण्याच्या क्षणी हेतू काय होता यावर ठरतो असे सांगितले आहे, आणि येथे हेतू करारापूर्वीच टँकरमधून वाहून आला होता. कृत्य १ जुलै २०२४ पूर्वीचे असल्याने त्याला भारतीय न्याय संहिता नव्हे, जुनी दंडसंहिता लागू होती. तरीही आम्ही फौजदारी मार्ग सोडला, कारण गुरुजींना शिक्षा नको होती, पैसे हवे होते.

फौजदारी बाजूचे एक निकालपत्र मात्र मला दिवाणी दाव्यातही उपयोगी पडले. डॉ. विमला विरुद्ध दिल्ली प्रशासन या, १९६३ च्या वृत्तात छापलेल्या निकालात एका डॉक्टर बाईंनी आपल्या अल्पवयीन मुलीच्या नावाने मोटार घेतली होती आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावाने सह्या केल्या होत्या. खोटेपणा उघड होता, पण त्यातून त्यांना लाभ झाला नाही आणि विमा कंपनीचे नुकसान झाले नाही. कपटात फसवणूक आणि फसवलेल्याची हानी अशी दोन अंगे असतात, असे सांगून न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. हानी म्हणजे केवळ पैशाची नव्हे, शरीर, मन, लौकिक यांचीही, असेही तेथे म्हटले आहे. बारा पाट्यांतील ‘फ्राउस’ या शब्दाचा तो पहिला अर्थ, म्हणजे इजा, येथे पुन्हा वर आलेला दिसतो. लाबेओने सोंग आणि दुष्ट हेतू वेगळे केले होते तेही हेच.

विक्रेत्याच्या वकिलांनी याचाच आधार घेऊन विचारले की घराची बाजारातील किंमत खरेदीपेक्षा कमी झालेली नाही, मग नुकसान कोणते? बार्देशात जमिनीचे भाव पाहता हा प्रश्न पोकळ नव्हता. आमचे उत्तर असे होते की गुरुजींनी गुंतवणूक विकत घेतली नव्हती, त्यांनी उन्हाळ्यात शिंपता येणारे भाट विकत घेतले होते, आणि तेच त्यांना मिळाले नाही. वाळलेली दोनशे सुपारीची रोपे आणि टँकरची बिले हा त्याचा पुरावा.

तडजोड

म्हापशाच्या दिवाणी न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले. विक्रेत्याने पैशांबाबत फार ओढाताण केली नाही. खरेदीची पूर्ण रक्कम, मुद्रांक व नोंदणी खर्चाचा निम्मा भाग, आणि टँकरची बिले देऊन घर परत घेण्यास तो तयार झाला. मुंडकार कुटुंबाशी त्याचे त्याने पाहावे, हे ओघानेच आले. ओढाताण झाली ती एका शब्दावरून. संमतीपत्रात कपटाचा उल्लेख असता कामा नये, असा त्याचा हट्ट होता. देवळाच्या समितीवर त्याचे नाव होते, मुलीचे लग्न ठरत होते.

हा हट्ट मला नवीन वाटला नाही. रोममध्ये ‘दोलुस’च्या दाव्यात हरणाऱ्याला लौकिकहानीचा कलंक लागत असे, म्हणून तो दावा मुलांना आईबापांविरुद्ध किंवा सामान्य माणसाला मोठ्या पदावरील व्यक्तीविरुद्ध लावू दिला जात नसे. अशा वेळी शब्द सौम्य करून, ‘दोलुस’ऐवजी सद्भावाचा उल्लेख असलेला, घडलेल्या वस्तुस्थितीवर आधारित दावा द्यावा, असे लाबेओच्या मताच्या आधारे रोमन विधिसंग्रहात सांगितले आहे. पैसे तेवढेच मिळतात, शब्द तेवढा गळतो.

मध्यस्थांनी सुचवलेला इंग्रजी मसुदा मी गुरुजींना मराठीत करून दिला. त्यात ‘उन्हाळ्यातील पाण्याच्या उपलब्धतेविषयी उभय पक्षांत निर्माण झालेला परस्पर गैरसमज’ असे शब्द होते. गुरुजींनी कागद दोनदा वाचला, खिशातले पेन काढले आणि विचारले, ‘वकीलसाहेब, माझा गैरसमज झाला हे खरे. पण त्यांचा कसला झाला?’ मग त्यांनी ‘उभय पक्षांत’ आणि ‘परस्पर’ हे शब्द खोडून ‘खरेदीदारांचा’ एवढेच वर लिहिले. समोरच्या खोलीत कागद गेला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा त्यावर विक्रेत्याची सही होती, आणि तिच्याखाली त्याच्या पत्नीची.